मुलाच्या भेटीचा कोर्टाचा हुकूमनामा आहे, समोरची बाजू पाळत नाही. पुढे काय?

बोरीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचा घटस्फोट परस्पर संमतीने झाला, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, आमच्या तालुक्याच्या कोर्टात. मुलगा आता आठ वर्षांचा आहे. ताबा आईकडे. त्यावर माझी तेव्हाही तक्रार नव्हती, आजही नाही. तडजोडीत लिहिलंय की महिन्यातले दोन रविवार मुलाने वडिलांना नंदुरबारला भेटायचं आणि 'उन्हाळी व दिवाळी सुट्टीचा अर्धा काळ' वडिलांकडे राहायचं. तेव्हा ती नंदुरबारला माहेरी होती. मी अमळनेरकडचा, ताप्ती लाइनची गाडी धरली की सरळ नंदुरबार. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं.

मग ती भावाकडे सुरतला राहायला गेली, उधना भागात. तिथून कारणं सुरू झाली. पोराला ताप आहे, चाचणी परीक्षा आहे, पाहुणे आलेत, 'तोच यायला तयार नाही'. गेल्या आखाजीला (अक्षय्य तृतीया) आईने नातू येणार म्हणून मांड्यांचं पीठ भिजवलं, अंगणात चुलीवर खापर चढलं, आणि दुपारी मेसेज आला की सुट्टी अजून लागलेली नाही, पाठवणार नाही. त्यानंतर माझा नंबरच ब्लॉक.

पोलीस स्टेशनला गेलो तर 'हे दिवाणी आहे, कोर्टात जा'. एक वकील म्हणतात थेट औरंगाबादला अवमान याचिका टाकू. काका म्हणतात खावटी (पोटगी) बंद कर, आठ दिवसांत पोरगं दारात उभं राहील. कोणाचं ऐकू? कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

केळीवाला_रावेर

काका बरोबर बोलतात. पैसे बंद झाले की अक्कल येते. आमच्याकडे एकाने हेच केलं.

माजी_नाझर

रावेरकर, त्या एकाचं पुढे काय झालं तेही सांगा की.

बोरीकाठ भाऊ, माझी सगळी नोकरी कोर्टाच्या नाझर शाखेत गेली. बेलीफांच्या हातात समन्स आणि वॉरंट देणं हेच काम. खावटी थांबवलेल्या बापांची वॉरंटं याच हातांनी काढलीत. खावटी पोराच्या पोटाची असते, ती भेटीची फी नव्हे. भेट मिळाली नाही म्हणून खावटी थांबवता येत नाही आणि खावटी थकली म्हणून आईला भेट अडवता येत नाही. कायद्यात या दोन गोष्टींची गाठ मारलेली नाही. तुम्ही थांबवली की तिचा वकील नव्या फौजदारी कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३) कलम १४४ खाली वसुलीला जाणार. तिथे थकलेल्या प्रत्येक महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय भेटीच्या अर्जात पहिला प्रश्न तुम्हालाच येणार, 'खावटी भरली का?' बँकेतून पाठवा, रोख देऊ नका.

आता मूळ मुद्दा. हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल हातात घ्या आणि शेवटचा परिच्छेद वाचा. तिथे 'विवाह विच्छेदित करण्यात येत आहे' एवढंच आहे, की 'तडजोडीच्या अटी हुकूमनाम्याचा भाग राहतील' असंही आहे? निम्मी प्रकरणं इथेच अडतात. पक्षकार समजतो आपण निशाणी अमुकवर (कोर्टाने क्रमांक दिलेल्या कागदावर) सह्या केल्या म्हणजे झालं. पण अटी हुकूमनाम्यात उतरल्या नसतील तर दरखास्त (हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज) कशाची करणार?

बोरीकाठ

नाना, आत्ताच काढून बघितलं. 'निशाणी १२ वरील तडजोडीच्या अटी या हुकूमनाम्याचा भाग समजाव्यात' असं आहे. आणि अटींच्या शेवटी 'उभय पक्ष वरील अटी पाळण्याची हमी न्यायालयास देत आहेत' हेही आहे.

माजी_नाझर

मग तुमची बाजू पक्की आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८-अ प्रमाणे असे आदेश दिवाणी हुकूमनाम्यासारखेच अमलात आणता येतात. म्हणजे दरखास्त. पैशाच्या दरखास्तीत जप्ती निघते. इथे माणसाने काहीतरी करायचं आहे आणि तो करत नाही, म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम ३२ लागतो. त्यात मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद, दोन्ही शक्य आहे. लगेच खूश होऊ नका. पोराच्या आईला तुरुंगात धाडायला कोणतंही कोर्ट उत्सुक नसतं आणि नसावंही. पण नोटीस निघाली, तारीख पडली, साहेबांनी समोर उभं करून विचारलं की बरीच मंडळी सरळ होतात. 'संधी असूनही मुद्दाम पाळलं नाही' हे मात्र तुम्हाला दाखवावं लागेल. त्यासाठी कागद हवा.

अवांतर: हुकूमनाम्याला दोन वर्षं उलटली असतील तर आधी आदेश २१, नियम २२ ची नोटीस काढावी लागते. ती राहून गेली म्हणून दरखास्ती लोंबकळत पडलेल्या पाहिल्यात.

पोळ्याचा_बैल

नाझर नानांना +१. अशी माहिती वकील फी घेऊनही देत नाहीत.

वकीलीण_धुळे

देतात हो, पण पक्षकार ऐकून न ऐकल्यासारखं करतात :)

नानांच्या म्हणण्यात एक भर घालते, कारण इथे बाई सुरतला आहे. हुकूमनामा देणाऱ्या कोर्टाला स्वतःच्या हद्दीबाहेरच्या व्यक्तीविरुद्ध अंमलबजावणी करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ (४) मध्ये हे स्पष्ट आहे. म्हणजे हुकूमनामा सुरतच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यायचा, तिथे वकील लावायचा, मराठी कागदांची भाषांतरं करायची. होत नाही असं नाही, पण लांबतं.

माझं मत वेगळं आहे. तुमच्या अटीच आता जीर्ण झाल्यात. 'नंदुरबारला भेट' हे ती नंदुरबारला होती तेव्हाचं. 'सुट्टीचा अर्धा काळ' म्हणजे पहिला की दुसरा? गुजरातच्या शाळा आपल्यापेक्षा आधी उघडतात, तर अर्धं कोणत्या सुट्टीचं? या अटीवर दरखास्त केली की समोरचा वकील म्हणणार, 'आम्ही दुसरा अर्धा देणारच होतो, अर्जदार पहिला मागत होते.' मग मुद्दाम पाळलं नाही हे सिद्ध कसं करणार?

म्हणून आधी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करा, ज्या कोर्टाने घटस्फोट दिला त्याच कोर्टात. मुलांच्या ताब्याचे आणि भेटीचे आदेश घटस्फोटानंतरही वेळोवेळी बदलता येतात, तेच हे कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रोझी जेकब प्रकरणातही म्हटलंय की ताब्याचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलू शकतात. अर्जात नेमके वार, वेळा, ठिकाण मागा आणि त्यातच येणाऱ्या सुट्टीसाठी अंतरिम आदेश मागा. सुट्टीचा आदेश सुट्टी संपल्यावर मिळून उपयोग काय?

बोरीकाठ

ताई, मग अवमानाचं काय? हमी तर दिलेली आहे ना?

वकीलीण_धुळे

हमीमुळे अवमानाचा मार्ग खुला आहे हे खरं. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मधल्या दिवाणी अवमानाच्या व्याख्येत आदेश मुद्दाम मोडणं येतं, तसंच कोर्टाला दिलेली हमी मुद्दाम मोडणंही येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खालच्या कोर्टाच्या अवमानासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाकडे (शहराचं नाव बदललं, बार रूममध्ये अजून औरंगाबादच म्हणतात). मुदत एक वर्ष, हे विसरू नका. आखाजीला मोडलेल्या अटीचा अवमान पुढच्या आखाजीनंतर काढाल तर मुदतीतच अडकाल.

पण तिथला पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'दरखास्त केली का? खालच्या कोर्टात गेलात का?' नाही म्हटलं की परत पाठवतात. माझा क्रम सांगते. आधी कलम २६ आणि अंतरिम आदेश. तो मोडला की दरखास्त. तरीही ऐकलं नाही तर अवमान. तुमचे वकील थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारायला सांगताहेत. सुरतची पाटी बघून कंटाळले असतील.

दोंडाईचा_मिरची

आमच्याकडे समाजाच्या मंडळींनी बसून फारकत केली. पाच पंचांच्या सह्या, स्टॅम्प पेपर, नोटरी, सगळं आहे. त्यात पोरगी दर शनिवारी माझ्या भावाकडे येईल असं लिहिलंय. ते चालेल का?

माजी_नाझर

नाही चालणार. स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नोटरी असो की नसो, तो कोर्टाचा हुकूमनामा नाही. त्याच्यावर दरखास्त होत नाही, अवमानही होत नाही. आणि स्पष्टच बोलतो, त्या कागदाने घटस्फोटही होत नाही. हिंदू विवाह कायद्यात जिथे रूढीने फारकत मान्य आहे तिथे ती रूढी सिद्ध करावी लागते, पंचांच्या सह्या पुरत नाहीत. उद्या दुसरं लग्न केलं तर भाऊ अडकेल. पंचांचा कागद 'दोघांचं काय ठरलं होतं' याचा पुरावा म्हणून जोडा, त्याचा तेवढाच उपयोग. भावाला सांगा, ठरलेलं सगळं कोर्टात नेऊन तडजोड हुकूमनामा करून घे. बऱ्याच तालुक्यांना मध्यस्थी केंद्र असतं, तडजोड तिथेही होते.

सातपुडा_पायथा

शहादा-धडगावच्या लोकांसाठी एक गोष्ट. आम्हा आदिवासींना हिंदू विवाह कायदा सरसकट लागू नाही, कलम २ (२) बघा. त्यामुळे कलम २६ म्हणा की २८-अ म्हणा, आमच्या कामाचं नाही. पालकत्वाचा १९५६ चा हिंदू कायदाही तसाच. आम्हाला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने जिल्हा न्यायालयात जावं लागतं, मूल नेहमी राहतं तिथल्या. माझ्या चुलतभावाचा अर्ज आधी चुकीच्या कायद्याखाली गेला आणि नुसता वेळ गेला.

वकीलीण_धुळे

अगदी बरोबर, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न केलेल्यांसाठी कलम ३८ आहे, हेही सांगून ठेवते.

पांझराकाठची

धाग्यात घुसल्याबद्दल माफी, पण माझं उलटं आहे. ताबा माझ्याकडे आहे, हुकूमनामा आहे, मुलगी सहा वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत तिचे बाबा शिरपूरकडे गावी घेऊन गेले आणि आता सोडत नाहीत. सासू फोनवर सांगते, 'पोर इथे रमली, तिला कशाला ओढता?' शाळा सुरू झाली आहे. कालच कळलं की त्यांनी इथल्या शाळेत दाखला मागायला माणूस पाठवला होता. मी काय करू? रात्री झोप लागत नाही.

वकीलीण_धुळे

ताई, तुमचं आधी बघायला हवं, बोरीकाठ भाऊ समजून घेतील. तुमच्यात घाई आहे, त्यांच्यात नव्हती.

उद्या सकाळी पहिलं काम शाळेत. हुकूमनाम्याची नक्कल जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या की ताबा माझ्याकडे आहे, माझ्या लेखी संमतीशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देऊ नये. दुसऱ्या प्रतीवर पोच, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. दाखला गेला, मुलगी गावच्या शाळेत बसली, की दोन महिन्यांनी ते कोर्टात म्हणणार, 'ती इथे स्थिरावली आहे.' आणि कोर्ट ते ऐकतं, कारण त्याला मुलीचं हित बघायचं असतं.

दुसरं, त्याच दिवशी वकिलाकडून नोटीस, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवरही. मुदत तीन-चार दिवसांची, जास्त नको. त्यानंतर दरखास्त किंवा पालक व पाल्य कायद्याच्या कलम २५ खाली मुलगी परत मिळण्याचा अर्ज, तुमचे वकील ठरवतील.

आणि हातात ताब्याचा आदेश असल्याने उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा (अडवून ठेवलेल्या व्यक्तीला कोर्टासमोर आणायच्या याचिकेचा) मार्गही आहे. बाप नैसर्गिक पालक असतो म्हणून हा मार्ग सहसा बंद, असं सांगितलं जातं. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या तेजस्विनी गौड प्रकरणात म्हटलंय की मूल कायदेशीर अधिकाराशिवाय अडवून ठेवलं असेल तर ही याचिका चालते. आदेश तुमच्या बाजूचा, सुट्टी संपलेली. मग कोणत्या अधिकाराने ठेवलंय?

पोलिसांत अर्ज द्या, पोच घ्या. पण ते जाऊन मुलगी उचलून आणतील या आशेवर बसू नका. आणि स्वतः माहेरची माणसं गाडीत घालून शिरपूरला जाऊन ओढाओढ तर मुळीच नको. तिथे हाणामारी झाली की तुमच्या चांगल्या केसवर गुन्हा चढेल.

माजी_नाझर

ताई, वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायका आणि मुलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच कार्यालय असतं. १५१०० हा मदतीचा नंबर. पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे, पण त्यात बसत असाल तर लाजू नका.

केळीवाला_रावेर

मी खावटी बंद करा म्हणालो त्यावर इतकं ऐकून घेतलं, आता एक खरा प्रश्न. पोरगंच म्हणत असेल 'मला नाही जायचं', तर कोर्ट काय करणार? बळजबरीने धाडणार?

वकीलीण_धुळे

हा खरंच अवघड प्रश्न. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याचं मत विचारात घेऊ शकतात, पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ (३) मध्ये तसं आहे. बहुतेक साहेब मुलाला चेंबरमध्ये एकटं घेऊन बोलतात, आई-बाप आणि वकील सगळे बाहेर. आठ-नऊ वर्षांचं मूल पढवलेलं वाक्य बोलतंय की मनातलं, हे अनुभवी माणसाला कळतं. 'बाबांनी तुम्हाला आणि मला खूप मानसिक त्रास दिला' असं तिसरीतलं पोरगं बोलायला लागलं तर ते कोणाचं वाक्य हे सांगावं लागत नाही.

एका पालकाने मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या विवेक सिंह विरुद्ध रोमानी सिंह निकालात लिहिलंय. पण माझ्या बारा बाप-पक्षकारांना हेच सांगते, प्रत्येक 'नको' मागे आईच असते असं नाही. बरीच मुलं नको म्हणतात कारण भेट म्हणजे बापाने सहा तास आजी-आत्यांच्या गराड्यात बसवून 'आई काय म्हणते, आई कोणाशी बोलते' विचारणं.

दोन_घरची

मी स्वतः तशा घरातली. आता नोकरी करते. बोरीकाठ काका, वकिली मला कळत नाही, पण आतून कसं दिसतं ते सांगते.

आमची अदलाबदल जळगावच्या नव्या बस स्टँडवर व्हायची. आई मला सोडून लगेच निघून जायची नाही, उसाच्या रसाच्या गाडीमागे उभी राहून बघायची. बाबांना ते दिसायचं आणि त्यांचा चेहरा उतरायचा, मग पुढचा अख्खा दिवस त्यांचा मूड ठीक करण्यात जायचा. माझ्या पिशवीत आईकडचे कपडे आणि बाबांकडचे कपडे वेगळे असायचे, चुकून मिसळले तर फोनवर भांडण. आठवीनंतर मी जाणं बंद केलं. आईने सांगितलं नव्हतं. मला रविवारी झोपायचं होतं.

दोन गोष्टी मागते तुमच्याकडे. त्याला कोणतंही रेकॉर्डिंग करायला लावू नका, त्याच्या समोर मोबाइल लावून 'सांग कोर्टाला' तर नाहीच. आणि भेट मिळाली की त्याला जे करायचंय ते करू द्या. नातेवाईकांची पंगत नंतर.

बोरीकाठ

पोरी, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पंगतीचा मुद्दा आमच्या घरी सगळ्यांना वाचून दाखवतो.

आई_नंदुरबार

आता मी जरा विरुद्ध बोलते. इथे सगळे गृहीत धरताहेत की आई म्हणजे अडवणारी. माझ्या माजी नवऱ्याने पहिल्या वर्षात ठरलेल्या रविवारी यायचंच सोडून दिलं. मुलगी बूट घालून बसायची. एकदा आला तर प्यायलेला. मी बंद केलं पाठवणं आणि त्याच्यानंतर मलाच नोटीस. मग मी काय, प्यालेल्या माणसाच्या मोटरसायकलवर बसवायची होती पोरगी?

वकीलीण_धुळे

नव्हती. त्या दिवशी न पाठवणं योग्यच. पण दुसऱ्या दिवशी कोर्टात अर्ज टाकायला हवा होता की परिस्थिती अशी आहे, भेट देखरेखीखाली ठेवा, कोर्टाच्या आवारात किंवा समुपदेशकांसमोर, आणि गाडीवरून नेणं बंद करा. स्वतःच स्वतःच्या घरी आदेश बदलून घेतला तर कारण कितीही खरं असलं तरी मोडणारी तुम्ही दिसता. अजूनही वेळ गेलेली नाही, नोटिशीला उत्तर देताना हा अर्ज सोबत द्या. येण्याच्या दिवशी न आल्याच्या तारखा, त्या वेळचे मेसेज जोडा. 'न आल्यास अर्धा तास वाट पाहून भेट रद्द' असंही कलम मागता येतं.

तापी_खोरं

मेसेजवरून आठवलं. व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट चालतात का? आमच्या वकिलांनी प्रिंट काढून लावल्या आणि समोरच्यांनी हरकत घेतली.

माजी_नाझर

नुसत्या प्रिंटवर हरकत येणारच. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, जुन्या कायद्यात ते ६५-ब होतं. आणि मूळ मोबाइल मोडीत काढू नका, चॅट पुसू नका. मेसेज लिहिताना असं लिहा की उद्या न्यायाधीशांनी मोठ्याने वाचला तरी मान खाली जाऊ नये. 'ठरल्याप्रमाणे रविवारी ११ वाजता नंदुरबार स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी येतो आहे.' बास. पोचल्यावर 'पोचलो आहे, वाट पाहतो'. परतताना 'एक वाजेपर्यंत थांबलो, मुलगा आला नाही'. गाडीचं तिकीट ठेवा. शिव्या, टोमणे, देवाची शपथ, काही नको. ब्लॉक केलं असेल तर साधा एसएमएस, तिच्या वकिलाला ईमेल, नाहीतर पोस्टकार्ड.

अहिराणी_भो

भाऊ, आंडोर (मुलगा) दोन्हीस्ना शे. खावटी देत ऱ्हाय, कोर्टनी पायरी चढ, पण पोरले मधमा घालू नको. मी तर म्हनस एकदा तिना भाऊसंगे बसीसन बोल, तो माणूस बरा व्हई तर.

बोरीकाठ

भो, तिच्या भावाशी बोलणं झालं. माणूस खरंच बरा निघाला. त्याचं म्हणणं, तिला भीती आहे की पोरगा सुट्टीला अमळनेरला आला की मी परत पाठवणार नाही, जसं वरच्या ताईंच्या बाबतीत झालंय. मी ताईंचा प्रतिसाद वाचला नसता तर मला ही भीती खोटीच वाटली असती.

तर कलम २६ चा अर्ज करतोय, आमच्याच कोर्टात. वकील बदलला. मसुद्यात काय काय मागू? भावाने तोंडी 'मध्यस्थीला येऊ' म्हटलंय.

वकीलीण_धुळे

मध्यस्थीला येत असतील तर सोनंच. तिच्या भीतीवर तुम्हीच उपाय सुचवा, तुमची बाजू एकदम हलकी होईल. 'मुलगा अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत परत पोचवीन, न पोचवल्यास पुढच्या सुट्टीचा हक्क सोडीन' अशी हमी तुमच्याकडून लिहून द्या. परतीचं तिकीट आधीच काढून तिला पाठवा.

बाकी मसुद्यात हे हवं. वार मोघम नको, 'दुसरा व चौथा रविवार'. वेळ सुरुवातीची आणि शेवटचीही. ठिकाण सुरत की नंदुरबार, स्टेशनचं नेमकं ठिकाण. कोण आणून सोडेल, आजी चालेल का, मामा चालेल का. एखादी भेट आजारपणाने हुकली तर लगतच्या रविवारी भरपाई. सुट्टी म्हणजे मुलाच्या शाळेची सुट्टी, शाळेच्या परिपत्रकाप्रमाणे, आणि अर्धा म्हणजे पहिला अर्धा एका वर्षी, दुसरा अर्धा पुढच्या वर्षी. व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, मुलगा एकटा असताना. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात भेटीबरोबर असा फोन-व्हिडिओचा संपर्कही महत्त्वाचा मानलाय, तो निकाल जोडा. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत मिळण्याचा आणि आजारपण कळवण्याचाही मुद्दा घाला. पत्ता, फोन बदलला तर पंधरा दिवसांत कळवायचं हे दोघांवर बंधनकारक.

माजी_नाझर

आणि सणांची नावं घाला, सगळ्यात मोठं खान्देशी दुखणं तेच. वकील शहरातले, अर्जात 'दिवाळी, होळी, गणपती' लिहून मोकळे होतात. आखाजी कधी एप्रिलात येते, कधी मेमध्ये, सुट्टीच्या आधी पडली की भांडण ठरलेलं. श्रावणात कानबाई (देवीचा उत्सव), त्यात कुळाचे रोट, तेव्हाही पोर हवंच असतं. 'आखाजीचा दिवस व आदली संध्याकाळ एक वर्षाआड वडिलांकडे, शाळा असली तरी' असं सरळ लिहा. कानबाईला दोन्ही घरचे रोट असतील तर तेही वाटून घ्या. मामाकडे विचारा, त्यांचंही कुळ असेल.

बोरीकाठ

नाना, हे कुठल्याच वकिलाने सुचवलं नसतं. लिहितो.

पांझराकाठची

छोटी खबर. शाळेने अर्ज घेतला, शिक्का दिला, दाखला दिलेला नाही. विधी सेवा प्राधिकरणातून वकील मिळाल्या. नोटीस गेली. त्यावर त्यांच्याकडून निरोप आला की संक्रांतीनंतर बघू. वकील बाई म्हणाल्या संक्रांतीची वाट बघायची नाही, अर्ज तयार आहे. केस कुठे पोचली ते कसं कळतं? दर वेळी कोर्टात जायला सुट्टी मिळत नाही.

वकीलीण_धुळे

छान केलंत. अर्ज दाखल झाला की केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि काय आदेश झाला ते दिसतं. तुमच्या वकिलांना सांगून अर्जात अंतरिम ताब्याची मागणी वेगळी आणि ठळक ठेवा, तिच्यावर पहिल्याच तारखेला सुनावणी मागा. आणि समोरच्याचे दोन्ही पत्ते द्या, शहराचा आणि गावाचा. नाहीतर बेलीफ 'घर बंद' म्हणून समन्स परत आणतो आणि महिना तिथेच जातो.

माजी_नाझर

गावचा पत्ता देताना वस्ती, गल्ली आणि घरमालकाचं प्रचलित नावही लिहा. गावात सरकारी नावाने कोणी कोणाला ओळखत नाही. बेलीफाबरोबर जायची परवानगी मागून तुमचा एखादा माणूस घर दाखवायला पाठवा, पण तो दारात भांडणारा नको.